राखीव कुकर

“पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं धाडू नये, उल्के… दिवसाची भवानी त्याच्या हातची!” कराडच्या बांगड्यांच्या दुकानातला वडिलांचा, आप्पांचा तो आवाज वीस वर्षांनी, दूर परदेशी बेटावर, यिशुन वस्तीतल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, उल्काच्या कानात घुमला. आज तिनं सगळा संसार विकायला मांडला होता. संशोधनाचा करार संपला, पुण्याचं तिकीट हातात. युनिव्हर्सिटीनं आणखी एक वर्ष देऊ केलं होतं, सोमवारी उत्तर द्यायचं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. एकानं नुसतं ‘राहा’ म्हणावं, एवढाच वेडा हट्ट.

तो एक म्हणजे उन्मेष. तीन आठवड्यांपूर्वी ती पुठ्ठ्याची खोकी सावरत धावली, तेव्हा इमारतीत मित्राकडे आलेला हा, लिफ्टचं दार पायानं अडवून उभा राहिलेला.

“घर बदलताय?”

“नाही, गराज सेल.”

“फ्लॅटमध्ये गराज कुठलं हो?”

“हॉललाच गराज म्हणायचं. मन मोठं हवं!”

तो हसला, आणि तिथंच अडकला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तुआसच्या गोदामात मालाचं नियोजन करणारा हा माणूस मग दर शनिवारी अख्खं बेट ओलांडून यायचा. “कपबशा दाराशी मांड, गिऱ्हाईक आपोआप आत येतं. कपाट शेवटी. आणि किंमत लिहून ठेव, लोक विचारायला लाजतात.” फोटोही त्यानंच काढले, मराठी ग्रुपवर टाकले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

पण कुकर, तवा, टेबललॅम्प आणि जाड पांघरूण यांवर मात्र त्यानं पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्या : राखीव.

“कुणासाठी रे?”

“आहे एक गिऱ्हाईक.”

“येणार कधी?”

“तेच तर… कळत नाही.”

उल्काच्या जिवाला घोर. कोण असेल? लग्नबिग्न ठरलं की काय याचं? रात्री तो कुकर तिच्याकडे टकामका बघायचा.

आज उन्मेष मांडामांड करत होता, तोच दहा वाजायच्या आधी पाचव्या मजल्यावरच्या सविताकाकू आल्या, त्या थेट कुकरपाशी.

“केवढ्याला गं?”

“काकू, तो राखीव आहे.”

“अगं, भवानीच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणतेस?”

उल्का चपापली. मग तिनं कमरेवर हात ठेवले. “उन्मेष, तुझं गिऱ्हाईक कोण ते आत्ता सांग. नाहीतर चालला कुकर!”

तो कुकरची शिट्टी हातात फिरवत राहिला. कानाच्या पाळ्या लालबुंद.

“तू.”

“मी? माझाच कुकर मी घेऊ?”

“नाही… म्हणजे तुझं जाणं रद्द झालं, तर भात कशात लावशील? पांघरशील काय… एवढं तरी असावं म्हणून—”

काकूंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “मला आपला तो डाळीचा डबा दे बाई,” म्हणत पैसे टेकवले आणि दाराआडून खुदकन हसल्या. “झाली गं तुझी भवानी!”

खाली कुणाची तरी सायकल किणकिणली.

“म्हणून… काय?” उल्कानं विचारलं.

“राहा ना, उल्का. तीन आठवडे जीभच उचलत नव्हती.”

तिनं खाली बघितलं, मग सरळ त्याच्या डोळ्यांत.

“मला अजून एक वर्ष मिळतंय इथं. कुणालाच बोलले नाही… तू विचारायची वाट बघत होते. कामाला ते वर्ष पुरेल रे. तुझ्यासाठी मात्र पुरायचं नाही.”