वळणावरच्या क्रुसाचा चौथरा

पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण ही गोष्ट बनावट असती, तर मामाने तीत स्वतःला जरा तरी चांगलं दाखवलं असतं.

मामा गवंडी. गावाबाहेरच्या वळणावरचा दगडी क्रूस त्याला हलवायचा होता. रस्ता रुंद होणार होता.

क्रूस गावातल्या दोघा भावांपैकी थोरल्याने उभारलेला. त्याचा धाकटा भाऊ याच वळणावरून नाहीसा झाला, त्याच्या आठवणीसाठी. शेत एकट्याचं झालं, वर भावावर जीव टाकणारा म्हणून नावही झालं.

त्यांची म्हातारी आई रोज चौथऱ्याला पाठ टेकून बसायची. त्या दुपारीही होती, आणि थोरला कामावर नजर ठेवून उभा होता. बाकी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मामाने सवयीने थापीच्या मुठीने दगड वाजवून पाहिला.

भरीव.

आणि मग...

आतून कुणीतरी तसंच वाजवलं.

म्हातारी हसली. "घाबरलास होय रे मिस्त्री? धाकटा आहे माझा. मी वाजवते, तो उत्तर देतो. फोड लवकर. बघू दे मला."

थोरला पांढराफटक पडला. "आई, उन्हाने डोकं फिरलंय तुझं! मिस्त्री, नुसता क्रूस उचला. चौथऱ्याला हात लावू नका."

"फोड!" म्हातारी ओरडली.

मामाने पहार घातली.

आत दगड. खाली माती. मातीखाली खडक...

बाकी काही नाही.

मामा म्हणतो, खड्ड्यात सगळ्यात जास्त वेळ थोरलाच बघत होता. ठेवलेली वस्तू जागेवर नसावी, तसा.

मग तो हसला. "झालं समाधान? मार आता खडकाशी गप्पा."

म्हातारीने एकेक दगड वाजवला. उत्तर आलं नाही.

काही दिवसांनी थोरल्याने मामाला घरी बोलावलं. नव्या घराचं काम मामालाच द्यायचं ठरलं होतं. पण त्याने दाखवली जुनीच भिंत, पलंगामागची.

"पोकळ लागतेय. बघा जरा."

मामाने अजून हातही लावला नव्हता...

टक. टक.

दोघांनी ऐकलं.

दारात म्हातारी उभी होती. ती आली, भिंतीला कान लावला.

टक. टक. तिच्या कानाखालीच.

"बाळा, तुला काही ऐकू येतं का रे? मला तर हल्ली माझ्या कानांचाच भरवसा वाटत नाही."

"कसला आवाज? तो गेला, आई. विसर आता."

तिने मामाचा हात धरला. "मिस्त्री, तू तरी खरं सांग."

मामाने थोरल्याकडे पाहिलं. नव्या घराचा विचार केला.

"नाही हो, आई. काहीच नाही."

तिने हात सोडला. हळूहळू चालत खोलीबाहेर गेली.

भिंतीतला आवाज वाढला. घाईघाईने... पाठ फिरवून निघालेल्या माणसाला हाका माराव्यात, तसा.

मामा एवढंच सांगतो. तो आवाज पुढे कधी थांबला का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.