साच्यावरची ठिगळं

"बाळाला खाली ठेवा! ताई, आधी खाली ठेवा त्याला!"

भावजय स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच धावत आली आणि थोरलीच्या कडेवरून तिने बाळ अक्षरशः ओरबाडून घेतलं. झालं होतं एवढंच, की खिडकीपासून पलंगापर्यंतच्या चार पावलांत थोरलीचा तोल गेला, ती भिंतीवर आदळली आणि बाळाचं डोकं भिंतीपासून वीतभर अंतरावर राहिलं. वीतभर! बाळ तर खुदुखुदू हसत होतं, त्याला तो खेळच वाटला असावा. पण भावजयीचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि दारात उभा असलेला धाकटा, ज्याला थोरलीने आईमागे आई होऊन वाढवलं तो तिचा धाकटा भाऊ, पुढे आला आणि त्याने आधी तिच्या तोंडाचा वास घेतला.

हो, वास घेतला! सख्ख्या बहिणीच्या तोंडाचा!

"मी प्यायले नाही रे…" थोरली म्हणाली, पण तिची जीभ अलीकडे जड झाली होती आणि ते वाक्यही प्यायलेल्या माणसासारखंच बाहेर पडलं.

"मग अशी का चालतेस? जिन्यात लोक माझ्याकडे बघून हसतात, ताई! आजपासून बाळाला हात लावायचा नाही. समजलं?"

तिला समजलं. न समजण्यासारखं त्यात काय होतं? आयुष्यभर तिला असंच काहीबाही समजावलं गेलं होतं. वेंधळी, हे तिचं घरातलं दुसरं नाव. शाळेत असताना बारा महिने पोट बिघडलेलं, म्हणून ती मागच्या बाकावर, दाराजवळ. सतराव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! म्हातारपणाचा दागिना हिला पोरवयातच मिळाला, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा सगळे हसले, आणि सगळ्यांचं मन राखायला तीही हसली. एकोणिसाव्या वर्षी आई गेली. धाकटा तेव्हा चौदाचा. पुढे एक बरं स्थळ आलं होतं तिला, माणूस शांत होता, हसरा होता. पण घरात पोरगं परीक्षेला बसलेलं आणि बाप दिवसभर बुटांच्या दुकानात. तिने नाही म्हटलं, आणि का म्हटलं ते कुणी विचारलंही नाही.

मग ती बाबांच्या दुकानात शिवायला बसली. दुकान घराच्या खालीच, रस्त्याला लागून. चामड्याचा, डिंकाचा आणि मेणाचा वास वर माजघरापर्यंत यायचा. बाबा मापाचे बूट बनवणारे, जुन्या हातांचे कारागीर. दहा वर्षं तिने त्यांच्या शेजारी बसून सरळ टाके घातले आणि अकराव्या वर्षी टाके वाकडे पडू लागले. एक दिवस बाबांनी तिच्या हातातली चामडं टोचायची आरी हळूच काढून घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं! ते नुसतंच म्हणाले, "तू आता वरचं बघ." आणि ती वरचं बघू लागली, हात थरथरत, भांडी पाडत, शिव्या खात.

बाळाच्या त्या प्रकारानंतर आठच दिवसांत ती जिन्यावरून पडली. उजवं मनगट मोडलं. इस्पितळात प्लास्टर घालून झाल्यावर एक डॉक्टरबाई तिचे गुडघे ठोकून बघायला आल्या आणि त्यांनी तिला बूट काढायला सांगितले. बूट निघाले, मोजे निघाले, आणि बाईंचा हात थबकला. दोन्ही टाचांच्या वर, मागच्या जाड शिरेवर, लिंबाएवढ्या टणक गाठी.

"या कधीपासून आहेत?"

"खूप वर्षं झाली. दुखत नाहीत. बाबा बूट मागून सैल करून देतात ना."

"आणि मोतीबिंदू झाला होता का कधी? लहान वयात?"

थोरली बघतच राहिली. ही बाई काय ज्योतिष बघते की काय!

रक्ताचा अहवाल यायला तीन आठवडे लागले. डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून, घाई न करता, सगळं सांगितलं. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तातली आम्लं बनवतं. थोरलीच्या यकृतात त्या कामातला एक कामगार जन्मापासूनच गैरहजर. काम अर्ध्यावर राहतं आणि भलतीच चरबी तयार होऊन साचत जाते. डोळ्यांच्या भिंगात, टाचेमागच्या शिरेत, आणि शेवटी मेंदूत. "पाणी सोडलं तर मेंदू स्वतःच निम्म्याहून जास्त स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो, बाई. तिथे चुकीची चरबी घुसली की तोल जातो, हात जातात, जीभ जाते. तुमचं खाणं चुकलेलं नाही. तुमचं काहीच चुकलेलं नाही."

काहीच चुकलेलं नाही! छत्तीस वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने एकच मागणी केली. "ही दारू पीत नाही, असं लिहून द्याल का?"

डॉक्टरबाईंनी लिहून दिलं. मग म्हणाल्या, "यावर औषध आहे. यकृत जे बनवत नाही ते बाहेरून द्यायचं, साचणं थांबतं. पण मेंदूतलं जे गेलं ते परत येईलच असं नाही. लवकर सुरू केलं असतं तर… असो. तुम्हाला भावंडं आहेत? हा आजार आईबाप दोघांकडून येतो. भावाला असण्याची शक्यता चारात एक. त्यांना घेऊन या. आणि या गाठी नेमक्या कधी सुरू झाल्या, तेवढं आठवून बघा."

धाकट्याने तो कागद वाचला. एकदा, दोनदा. ओशाळला असावा, पण ओशाळलेला माणूस आधी चिडतो, तसाच तो चिडला.

"तुला काय व्हायचं ते झालं. मला कशाला त्यात ओढतेस? मी वायरमन आहे, ताई! दिवसभर शिडीवर असतो. मला काही झालेलं नाही!"

दार आपटून तो निघून गेला. त्याच्या पावलांकडे थोरलीचं लक्ष गेलं आणि एक पाऊल तिला वाकडं पडल्यासारखं वाटलं. पण घरातल्या माणसाच्या चालीकडे आपण कधी नीट बघतो का? तिने तो विचार मनातून काढून टाकला.

गाठी कधी सुरू झाल्या ते काही तिला आठवेना. मग तिला दुकानातलं कपाट आठवलं. मापाचे बूट बनवणारा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा ठेवतो. पाय कुठे फुगला, कुठे वाकला, की साच्यावर तिथे चामड्याचं ठिगळ चिकटवतो, म्हणजे नवा जोड तिथे सैल बसतो. बाबांची सवय अशी की प्रत्येक ठिगळावर पेन्सिलीने वर्ष लिहायचं. दुपारी बाबा बाहेर गेलेले असताना ती भिंत धरत धरत जिना उतरली आणि तिने स्वतःचा साचा काढला. टाचेमागे एकावर एक पाच ठिगळं! पहिलं ती बावीस वर्षांची असतानाचं. तिचा सगळा आजार वर्षावर्षाने तिथे चिकटवून ठेवलेला होता, आणि चिकटवणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

साचा परत ठेवताना शेजारचा साचा हाताला लागला. धाकट्याचा. त्याच्या टाचेमागे तीन ठिगळं होती. तिसऱ्याचा डिंक अजून वास मारत होता.

किती वेळ ती तशीच फरशीवर बसून होती, कोण जाणे! बाबा दारात आले तेव्हा दोन्ही साचे तिच्या मांडीवर होते.

"बाबा… धाकट्यालाही?"

म्हातारा खाली मान घालून उभा राहिला. "त्यानेच सांगितलं होतं, ताईला बोलू नका म्हणून. मला वाटलं, आपल्या घराण्याचे पायच असे. अगं, पायावरून माणसाचा धंदा सांगणारा मी… तुम्हाला टोचू नये, दुखू नये, म्हणून केलं गं मी सगळं!"

"दुखलं असतं तर आम्ही वेळेवर डॉक्टरकडे गेलो असतो, बाबा."

ती रागाने म्हणाली नव्हती. पण बाबा मटकन तिच्यासमोर खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखे रडू लागले. ज्या हातांच्या कसबाचा गावभर बोलबाला, त्याच हातांनी दोन्ही लेकरांचा आजार चौदा वर्षं इतका मऊ करून ठेवला होता की तो कुणाला दिसलाच नाही. थोरलीने त्यांची पाठ थोपटली, प्लास्टरच्या हाताने, वेडीवाकडी.

संध्याकाळी धाकटा जेवायला बसला तेव्हा तिने दोन्ही साचे त्याच्यासमोर मेजावर ठेवले. भावजयीला काही उमगेना. "हे काय, ताई? जेवताना?"

"त्याला मोजे काढायला सांग," थोरली एकेक शब्द सावकाश, स्पष्ट करत म्हणाली. "तू त्याचे पाय कधी पाहिलेस?"

भावजय नवऱ्याच्या पायांकडे बघू लागली. आता तिला आठवत होतं, की हा माणूस घरातही मोजे घालून वावरतो. आणि जिना उतरायचा म्हटलं की बाळाला कधी स्वतः घेत नाही.

"काढ," ती नवऱ्याला म्हणाली.

"मला भीती वाटते!" धाकटा एकदम ओरडला, आणि त्याचा आवाज फुटला. "ताई, मला रोज भीती वाटते! गेल्या महिन्यात दोनदा शिडीवरून पाय सटकला माझा. तुझ्याकडे बघितलं की वाटायचं, हे माझं उद्याचं… म्हणून तर मी तुझ्यावर… तू प्यायलेली निघावीस असं मला वाटत होतं, ताई! देवाशप्पथ तसंच वाटत होतं! म्हणजे मग मला काही नाही, असं झालं असतं ना!"

त्याने तिच्या मांडीत डोकं खुपसलं. एकतीस वर्षांचा बाप्या, पण हुंदके तेच, आई गेली त्या दिवशीचे. थोरलीच्या मनात राग शोधूनही सापडला नाही. तिला एवढंच कळत होतं, की उशीर झालेला नाही, याला अजून उशीर झालेला नाही!

त्याचा अहवालही तसाच आला. पण डॉक्टरबाईंनी थोरलीला एकटीलाच आत बोलावलं. औषध बाहेरून, दूरच्या देशातून येणार होतं, आणि आलं होतं एकाच माणसापुरतं, तिच्या नावाने मागवलेलं. दुसरा साठा यायला निदान सात-आठ महिने. अर्धं अर्धं वाटून दोघांनाही उपयोग नाही.

"त्याला द्या," थोरली म्हणाली.

"नीट ऐका. तुमचा आजार पुढे गेलेला आहे. या आठ महिन्यांत तुमचं चालणं जाऊ शकतं, बोलणं जाऊ शकतं. आणि गेलेलं मी परत आणू शकणार नाही."

"आणि त्याचं?"

डॉक्टरबाईंनी धाकट्याचा अहवाल पुन्हा उघडला. "त्यांचं आज सुरू केलं, तर बहुधा काहीच जाणार नाही."

"मग विचारता काय, बाई! कागद द्या."

डाव्या हाताने तिने कागदावर वाकडीतिकडी अक्षरं काढली. पहिला साठा भावाला द्यावा. त्याला सांगू नये.

घरी येताना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून तिने शक्तीच्या साध्या गोळ्यांची बाटली घेतली, वरचा कागद सोलून टाकला आणि घरी तेच आपलं औषध म्हणून सांगितलं. रोज तीन वेळा बहीणभाऊ समोरासमोर बसून आपापलं औषध घ्यायचे. "चल, ताई, एक… दोन… तीन!" धाकटा म्हणायचा, आणि ती त्याच्याबरोबर गोळी गिळायची, हसायची.

दोन-तीन महिन्यांत त्याचं पाऊल सरळ पडू लागलं. आणि ती? आधी काठी, मग चाकाची खुर्ची. मग एकेक अक्षर तिच्या जिभेवरून सुटत गेलं. भावजय तिला न्हाऊ घालायची, केस विंचरायची आणि पाठमोरी होऊन रडायची. धाकटा डॉक्टरांवर चिडायचा. "मला लागू पडतं, मग हिला का नाही? औषध तर एकच आहे!"

आठव्या महिन्यात थोरलीला घेऊन येण्याचा इस्पितळाचा निरोप आला. थोरलीला औषधाच्या कागदावर सही करता येत नव्हती, म्हणून धाकट्यालाच करायची होती. त्याने तपासणीखोलीत तिच्या शेजारी उभं राहून कागद पुढे ओढला आणि सवयीने वाचला. रुग्णास औषध प्रथमच सुरू. तारीख आजची.

"प्रथमच? बाई, काहीतरी चुकलंय. ही आठ महिने घेते आहे!"

डॉक्टरबाईंनी जाडजूड फाइल उघडली आणि तो जुना कागद त्याच्यासमोर सरकवला. ती वेडीवाकडी अक्षरं, डाव्या हाताची. धाकट्याने ती वाचली, आणि तो तिच्याकडे वळला.

"ताई… का गं? का केलंस हे?"

थोरलीने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज निघाला, पण शब्द होईना. त्याने खुर्चीपुढे गुडघे टेकले आणि कान तिच्या तोंडाशी नेला. तिने पुन्हा प्रयत्न केला. घाम फुटला बिचारीला. तिसऱ्या वेळी, एकेक अक्षर ओढून काढत, ती म्हणाली,

"तू… धा…कटा… ना रे…"

त्याने पहिली गोळी तिच्या जिभेवर ठेवली, पेला ओठांना लावला. गिळायला तिला खूप वेळ लागला. तो थांबला, हनुवटीवरचं पाणी बाहीने पुसत, तिचा हात घट्ट धरून थांबला. पुढची अनेक वर्षं थोरली त्या घरात होती, सगळ्यांच्या मधोमध, खिडकीजवळच्या खुर्चीत. गोळ्यांनी आजार होता तिथेच थांबला. पण त्याला नीट कळलेले तिचे शब्द ते शेवटचे.