अप्पांची लँडमास्टर

"शेडातली गाडी माझी न्हाय," शांतलिंगअप्पा पोलीस ठाण्यात येऊन म्हणाले, तेव्हा हवालदार गालात हसला. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे अख्ख्या मुरूम गावाला ठाऊक होतं. मुलगा उमाशंकरच तसं सांगत फिरत होता. सोलापूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात न्यायचंही त्यानं ठरवून टाकलं होतं.

फौजदार शिवांजलीला हसू आलं नाही. आपण खरंच खुळे झालो की काय, या धास्तीनं म्हातारा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता.

ती अप्पांच्या घरी गेली. शेडात छप्पन्न सालची काळी लँडमास्टर मोटार. नंबर तोच. पुढच्या बंपरचा डावा कोपराही तसाच चेपलेला. दर दसऱ्याला अप्पा त्याच कोपऱ्यावर नारळ फोडत, बापापासूनची रीत.

"मग वेगळं काय आहे, अप्पा?"

"दाराचा आवाज. आमची अशी वाजत न्हाय."

उमाशंकरनं कपाळाला हात लावला.

"यंदा पूजा झाली?"

"झाली की. म्या नारळ फोडला. पर ही ओवाळाय आली न्हाय. गुडघं दुखतेत म्हणली."

बायको मल्लम्मा दारात उभी होती, ती आत गेली. शिवांजलीनं बंपरमागं हात घातला. पत्रा गुळगुळीत लागला.

येडशीजवळच्या एका हॉटेलापुढं दसऱ्याआधी अशीच गाडी शोभेला आली होती. शिवांजली तीही पाहून आली. बंपर सरळ, चकचकीत. मागं हात घातला तर गंजून पत्र्याची पार चाळण झालेली.

दुसऱ्या दिवशी तिनं घरच्यांना शेडात बोलावलं.

"नारळ बंपरवर फुटतो, पाणी मागच्या पत्र्यावर जातं. इतक्या दसऱ्यांचं पाणी. उमाशंकर, तुम्ही भंगारातली गाडी आणून तिला खऱ्या गाडीचा बंपर आणि नंबर चढवलेत. पत्रा विसरलात. खरी गाडी विकणारा म्हणून हॉटेलवाल्यानं तुमचंच नाव सांगितलंय."

"नुसती उभीच तर हुती," उमाशंकर पुटपुटला.

"आणि ते लपवायला जन्मदात्याला वेडा ठरवलंत!"

अप्पांनी लेकाकडं पाहिलंच नाही. ते मल्लम्माकडं पाहत होते.

"म्हणून तू ओवाळाय आली न्हाईस. खोट्या गाडीला आरती कशी दावायची, व्हय?"

मल्लम्मानं पदर तोंडाला लावला. "लेकरू हाय ओ आपलं."

"आन् म्या कोण हुतो?"

अप्पांनी कनवटीची गाडीची किल्ली काढून शिवांजलीच्या हातावर ठेवली आणि सोलापूरला कधी निघायचं ते विचारलं. या घरापेक्षा तिथं बरं, म्हणाले.