चिकटपट्टीची फुली

माझा भाऊ निनो जहाजावर नोकरीला लागला ते १९३७ साल. मी तेव्हा हॉलिवूडच्या एका स्टुडिओत फिल्म कापायचे, जोडायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं. फिल्मच्या कडेचे आकडे मात्र अचूक जुळवायचे.

व्हर्ना हॅलॉक आणि कॉर्बिन लाइल ही विनोदी प्रेमपटांतली गाजलेली जोडी. पडद्यावर दोघं भांडू लागली की प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकत. सेटबाहेर एकमेकांचं तोंड पाहत नसत. कॉर्बिन पाचच्या ठोक्याला घरी जाई. मग व्हर्नाच्या चेहऱ्याचे शॉट घेत. तिने बघायला कॅमेऱ्याशेजारी दांड्यावर काळ्या चिकटपट्टीची फुली, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याची वाक्यं पटकथा सांभाळणारी मिस प्रूइट वाचायची, वाण्याची यादी वाचावी तशी.

जानेवारीत मला पहिल्यांदा खटकलं. फुलीवर रोखलेले व्हर्नाचे डोळे बारीक हलत होते. कॉर्बिनचा शॉट तीन दिवसांनी घेतला गेला. मी दोन्ही शेजारी चालवले. तो जिथे मान कलती करत होता, तिथेच तिची नजर वळत होती.

"योगायोग," आमचा मुख्य हर्शल म्हणाला. "असुंता, फिल्म काप. भुतं मोजू नकोस."

एका दुपारी व्हर्ना स्वतः आमच्या खोलीत आली.

"माझं ते बघणं कमी कर गं."

"लोक त्यासाठीच तर येतात, बाई."

"मी बघतच नाही त्याच्याकडे! माझ्या मनात लेकीचे बूट असतात. न्यूयॉर्कला आहे ती, आईकडे. आणि हल्ली तिचा फोटो हातात घेतला, तर आतून काही येतच नाही. सगळं त्या फुलीकडेच जातं."

मी तिचे कोरडे शॉट निवडले. यंत्रावर चढवले की ते कोरडे नसायचे.

नऊ फेब्रुवारीला कॉर्बिन समुद्रात बुडाला. जोडीचा करार संपला. व्हर्नाचा एकच शॉट उरला होता. तो दिला की ती मोकळी.

पंधरा तारखेला तो झाला. मी तिथेच होते. ती फुलीकडे एकटक पाहत राहिली, पापणीही हलली नाही. मग तिने फुली ओरबाडून काढली.

"सुटले गं बाई! परवाची न्यूयॉर्कची गाडी."

दुसऱ्या सकाळी मी शॉट चढवला.

ती फुलीकडे पाहत नव्हती.

तिची नजर लांबून जवळ येत होती. कुणी चालत यावं, तशी.

अगदी जवळ आली.

तिने गाल पुढे केला. कपाळावरची बट आपोआप बाजूला झाली.

मी तिला फोन करून दिसलं ते सांगितलं.

"जाळून टाक," ती म्हणाली. "असुंता, तुला तुझ्या आईची शपथ."

"हो," मी म्हटलं.

पण इतकं सुंदर काही माझ्या हातून कधी जोडलं गेलं नव्हतं. मी तो शॉट ठेवला.

स्टेशनवरच्या हमालाने नंतर सांगितलं, गाडीत बाईंनी शेजारच्या जागेवरची आपली टोपी उचलून मांडीवर घेतली, कुणाला बसायला जागा करून द्यावी तशी. डब्यात दुसरं कोणी नव्हतं.

व्हर्ना हॅलॉक १७ फेब्रुवारी १९३७ रोजी दुपारी, गाडी सुटण्याआधी, त्याच डब्यात वारली. वय एकतीस.