लव्हाळ्याच्या तीन धारा

उद्यान खात्याच्या साहेबांनो, दोनदा तुम्ही आमच्या इमारतीमागे हिरवळ अंथरलीत. दोन्ही वेळा ती कुजली आणि दोष मुलांच्या खेळण्याला दिलात. त्या चिखलात खेळायला जातंय कोण, हे बघायला एकदाही आला नाहीत.

तिथे ऊन पोचत नाही, ओल हटत नाही. तरी आमच्या इमारतीतल्या वारणा नावाच्या मुलीने ओढ्याकाठून आणलेले लव्हाळ्याचे ठोंब तिथेच फोफावले. हिरवळ मेली आणि हा कसा जगला, हे कोडं तिलाही सुटलं नव्हतं. तेवढ्यात तुमचा खुरपणीचा यंत्रमानव आला. हिरवळ नसेल ते उपटायचं, एवढंच तुम्ही त्याला शिकवलेलं.

"हे माजलेलं गवत आहे. बाजूला हो," तो म्हणाला.

वारणा ठोंबांपुढेच बसली. तिची शकूआत्या वनस्पतींवर संशोधन करते. कट्ट्यावर शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "नुसता बघतोय गं तो. बोटं वापरायला सांग."

वारणाने लव्हाळ्याचा दांडा त्याच्या चिमटीत दिला आणि फिरवायला सांगितला. दांडा अडला. जुन्या हिरवळीची वाळकी काडी दिली, ती गरगर फिरली.

"याला तीन धारा आहेत," यंत्रमानव थबकला. "असं गवत माझ्या माहितीत नाही."

"कसं असेल, शहाण्या?" आत्या म्हणाली. "ते गवत नाहीच. त्याचं कूळच वेगळं."

आत्याने एक मूळ आडवं कापून भिंगाखाली धरलं. आत जाळीसारख्या पोकळ्या दिसल्या. ही वायुऊती (झाडाच्या आतून हवा नेणाऱ्या पोकळ्या). मुळांनाही हवा लागते, पण चिखलात पाणी सगळ्या फटी भरून टाकतं. हिरवळीची मुळं गुदमरतात. त्यात ऊन नाही, म्हणजे अन्नही तोकडं. हा लव्हाळा मात्र ओढ्यावरच्या झाडांखाली वाढलेला, थोड्या उजेडात भागवणारा.

"म्हणजे हा नाक वर ठेवून पाय चिखलात सोडतो," वारणा म्हणाली.

"आणि वरची हवा पायांपर्यंत पोचवतो. उरलेली चिखलालाही देतो."

यंत्रमानवाने खुरपं खाली ठेवलं आणि काय करू, असं तुम्हालाच संदेश पाठवून विचारलं. तुमच्याकडून एवढंच उत्तर आलं : उद्या सकाळी काम पूर्ण करा.

कुठलं काम?

आत्ता तो वारणाशेजारी बसून ठोंब वेगळे करतोय. शेजारच्या इमारतीमागेही असाच चिखल आहे, तिथे लावायचेत. उद्या त्याने लावायचं की उपटायचं? तो विचारून बसलाय. आता सांगा.