चोरखिशांतले साडेतीन किलो

४७.८

मावशी वजनकाट्यावर उभी राहिली. काट्याने सत्तेचाळीस किलो आठशे ग्रॅम दाखवलं, आणि समोरच्या माणसाने आकडा लिहायचा सोडून तिच्या गालांकडे पाहिलं.

शेजारी उभ्या भाचीने नजर गाउनवरून काढून भिंतीवर लावली.

माणूस नवा होता. केमोच्या वॉर्डात कालच बदलून आलेला परिचारक. सगळे त्याला ब्रदर म्हणत. त्याने एकदा खोल गेलेले गाल पाहिले, एकदा गाउनचा घेर. मग घेराची कड दोन बोटांत धरून म्हणाला, "शिवण सुरेख आहे. टाका कुठे दिसतच नाही."

चाळीस वर्षं शिलाईकाम केलेली बाई ती. विरघळली. "आतून बघा," म्हणाली – आणि जीभ चावली.

त्याने घेर उलटला. आत सहा चोरखिसे होते. बेतताना कापड सरकू नये म्हणून वर ठेवतात ती लोखंडी वजनं त्यांत ओळीने बसली होती. वजन घटलं की डोस पुढे ढकलतात, असं मावशीने कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि तिला सगळं एकदाचं वेळेत उरकायचं होतं. मागच्या खेपेलाही ती हाच गाउन घालून काट्यावर चढली होती. शिवताना अस्तर ताणून कुणी धरलं होतं? भाचीने.

तो रागावला नाही. भाचीला बाजूला घेऊन त्याने हळू आवाजात सांगितलं की या औषधाचं माप वजनावरूनही ठरतं. म्हणजे मागच्या वेळी मावशीला तिच्या अंगाला हवं त्याहून जास्त गेलं होतं. तोंडातले ते फोड, पाण्याचा घोटही न उतरणं...

"अस्तर मी धरलं होतं," भाची म्हणाली. "तिला नका बोलू."

"कुणालाच बोलत नाही. पण डॉक्टरांना सांगावं लागेल – आणि ते तुम्हीच सांगा. मी शेजारी उभा राहतो."

आणि खरंच राहिला. ती बोलताना दोनदा अडखळली. त्याने मध्ये तोंड घातलं नाही, पण तिथून हललाही नाही.

४४.३

हे खरं वजन. डॉक्टर बरंच बोलले. थोडक्यात – दोन आठवडे थांबायचं. फोड भरले आणि वजन जरा चढलं, तर ठरलेलं औषध पुढे चालू. आणखी उतरलं, तर ते बंद.

(मधले दिवस. काटा नाही.)

भाची चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने सुट्टी टाकली. रोज अकराला वॉर्डातून त्याचा फोन येई. स्टीलचा चमचा नको, तोंडाला आधीच लोखंडाची चव आहे, लाकडी घ्या. मळमळीची गोळी खाण्याआधी अर्धा तास, उलटी झाल्यावर नव्हे. स्वयंपाक दार लावून. दर दोन तासांनी चार घास – आणि 'जेवतेस का' विचारायचंच नाही. वाटी समोर ठेवायची अन् भलतंच काहीतरी बोलत बसायचं.

"भलतं म्हणजे काय?" भाचीने विचारलं.

"माझी निंदा करा. पेशंटना त्याने भूक लागते."

तिने मनापासून प्रयत्न केला. कुस्करलेलं केळं पुढे ठेवून म्हणाली, अक्षर किती घाण आहे त्याचं. चालतोही कसा, बस सुटल्यासारखा. पण त्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची शीर सापडेना, तर त्यांचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसला, ऊब येईपर्यंत. घाई नाही, कपाळावर आठी नाही...

"ही निंदा चाललीय का?" मावशीने विचारलं, आणि वाटी पुसून खाल्ली.

सारं जग त्याला ब्रदर म्हणे. भाचीच्या जिभेवर तो शब्द चढेना. ती फोनवर नुसतंच "अहो, ऐका ना" म्हणू लागली.

"अहो म्हणे," मावशी भिंतीला म्हणाली.

४४.९

गाउन बिनखिशांचा. डॉक्टरांनी मान हलवली – औषध पुढे चालू. या खेपेला खऱ्या मापाचं.

फोड कमी यावेत म्हणून त्याने मावशीच्या तोंडात बर्फाचे तुकडे दिले. अर्धा तास चघळायचे, बोलायचं नाही. मग सलाईनच्या नळीकडे बघतच म्हणाला, "उद्यापासून अकराचा फोन सिस्टर करतील. मीच सांगून बदलून घेतलं."

भाचीचं तोंड एवढंसं झालं. "माझं काही चुकलं का?"

"माझं चुकतंय. तुमचा फोन ठेवला की पुढच्या पेशंटचा नंबर लावायला विसरतो. वॉर्डाच्या फोनवर हे बरं नाही..." आता त्याने तिच्याकडे पाहिलं. "म्हणून म्हटलं, संध्याकाळी माझ्या फोनवरून करावा. नको असेल तर नको म्हणा. मावशींच्या देखभालीत तसूभर फरक पडणार नाही."

थेंब पडत राहिले. मावशीने, बोलता येईना म्हणून, पायानेच भाचीला ढोसलं.

"सोमवारपासून कामावर जाणार आहे," भाची म्हणाली. "सहाला सुटते. चालत येते घरी... वीस मिनिटं लागतात. फोन हातातच असतो."

त्याने पेनाने तळहातावर सहा लिहिलं.

"हळू चाललं तर चाळीस."