ओल्या हातांनी

वाट पाहण्याची कला या पृथ्वीवर फक्त माणसाला साधली आहे. बाकीचे जीव नुसते भुकेले असतात. हे वाक्य मी तळ्याकाठी घडीच्या खुर्चीत रेलून, एक हात उंचावून उच्चारलं आणि खुर्चीचा पाय मोडला. मी चिखलात बसलो. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमिषाच्या पिशवीतून मान वर न काढता म्हणाले, "साहेब, खाली माशांना भूकंप वाटला असेल."

मी साहेब वगैरे कोणी नाही. दुकानांतले वजनकाटे तपासून निवृत्त झालोय. दाजी खाटीक. दुकान मुलाला दिलं, पण हातांना निवृत्ती मिळेना, म्हणून कार्प मासे धरायचा नाद लागला. विटांच्या बंद पडलेल्या कारखान्यामागे मातीची जुनी खाण आहे. ती पाण्याने भरली, तळं झालं आणि त्यात कार्प वाढले, डुकरासारखे जाड. गेल्या हिवाळ्यात दाजी एका माशामागे पाण्यात गळ्यापर्यंत उतरले होते. तेव्हापासून ताई मला सोबत पाठवते. "जसे नेतोस तसे परत आण," एवढंच सांगते. तिच्या डोळ्यांत बघून कोणीही नाही म्हणत नाही.

पानगळ सुरू झाली की दाजींचं स्वयंपाकघर सुरू व्हायचं. मक्याचं पीठ, रवा, अंडी, सुक्या मासळीचा भुगा. मळून, आमिषाच्या लिंबाएवढ्या गोळ्या वळून, उकळत्या पाण्यातून काढून वाळत घालायच्या. ताई नाकाला पदर लावून माडीवर जायची. मी बाजारातून अननसाच्या वासाच्या खास गोळ्यांचा डबा आणला, तर दाजींनी एक हुंगून म्हटलं, "हे मासे लग्नाला चाललेत का?"

त्यांची पद्धत पक्की. आधी काही आठवडे गळ टाकायचाच नाही. एकाच जागी, एकाच वेळी, नुसत्या गोळ्या टाकायच्या. मासा येतो, खातो, काही होत नाही. पुन्हा येतो. "आधी विश्वास, मग गळ," दाजी म्हणायचे. थंडी वाढली, पाणी गार पडलं, की मासा सुस्तावतो; मग गोळी लहान करायची आणि वास तिखट.

लहान मासा लागला तर हात ओले करून धरायचा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. झोळीत घालून तोलायचा, फाटलेल्या ओठाला जांभळं औषध लावायचं आणि सोडायचा. मोठा लागला तर मोगरी. दाजींची लाकडी मोगरी दुकानातलीच होती. पहिल्या घावाला मासा मरत नसे. दुसऱ्या घावाला डोळा बाहेर यायचा. खवले माझ्या चष्म्यावर उडायचे. मासा शेपटी आपटत राहायचा आणि दाजी त्याच्याशी गोड बोलत राहायचे, "झालं, झालं राजा." मग माझ्या पोटाकडे बघून, "तुमच्यासाठी दोन मोगऱ्या लागतील, साहेब."

यंदा झाडांवर पानं होती तेव्हाच दाजींच्या बसायच्या दगडावर पहिला अक्रोड आला. सोललेला, अख्खा. आसपास अक्रोडाचं झाड नाही. दाजींनी फुंकर मारली आणि खाल्ला.

पुढच्या वेळी दोन होते. मग मधात घोळलेले. मग एक गोल, गुळगुळीत लाडू, अजून कोमट. "कोणी तरी आपल्यावर खूश आहे," दाजी म्हणाले.

"कोण?"

"खाताना चौकशी करायची नसते."

मी पावलांचे ठसे शोधले. आमचेच होते. पाण्याकडून दगडापर्यंत मात्र माती ओली होती.

थंडी कडक झाली. लाडू लहान झाले. त्यांत मिरी आली. मला ते खटकलं, पण आयुष्यभर मी दुकानदारांवर संशय घेतला, पाण्यावर कधी घेतला नव्हता.

त्या दुपारी धुकं होतं. मासा लागला की वाजणाऱ्या, आमच्या दोन्ही गळांच्या काठ्यांवरच्या घंट्या गप्प होत्या. दाजींनी दगडावरची गोळी उचलली, तोंडात टाकली, चावली.

आणि थांबले.

त्यांचा गाल आतून ताणला गेला. ओठातून लोखंडाचं टोक बाहेर आलं. तोंडापासून पाण्यापर्यंत एका बारीक दोराची रेषा उभी राहिली. दव लागलं म्हणून दिसली.

"धर," असं काहीसं ते म्हणाले.

मी त्यांच्या कमरेचा पट्टा धरला. ते तोंडावर पडले. हनुवटी दगडांवरून फरफटली, दात फुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी सुरी काढून दोर कापायला गेलो. दोराने माझा तळवा हाडापर्यंत कापला. मी कमरेला मिठी मारली की दोर ढिला पडे. मी श्वास घेतला की ओढ बसे. घाई नव्हती. कोणी तरी दमवत होतं.

पट्टा तुटला.

पाणी त्यांच्यावर मिटलं.

मी ओरडलो, गळ्यापर्यंत उतरलो, हातांनी पाणी चाचपलं. ताईचे शब्द कानात होते. खाली काहीच लागलं नाही, एक मासासुद्धा नाही.

मग पलीकडच्या लव्हाळ्यातून खोकला ऐकू आला.

दाजी ओल्या पानांवर कुशीवर ठेवलेले होते. जिवंत. काखेत आणि मांड्यांखाली झोळीचे रुंद वळ. गळ काढलेला होता, नीट, जाणत्या हाताने. फाटलेल्या ओठावर जांभळं औषध लावलेलं. आमची बाटली माझ्या खिशात होती, बूच घट्ट.

ताईने दार उघडलं, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि माझ्या कानाखाली वाजवली. मला ती रास्त वाटली.

दाजी आता माडीवर बसतात, खिडकी बंद करून. ओठ शिवलाय. एकदाच बोलले. "तोललं मला. ओल्या हातांनी." मग जरा वेळाने, जवळजवळ दुखावल्यासारखं, "लहान निघालो."

दाजी काडीसारखे आहेत. मी नाही.

सामान आवरताना सगळं सापडलं. काठ्या, जाळी, अननसाचा डबासुद्धा. मोगरी तेवढी नाही.

मी तळ्याकडे फिरकत नाही. माझं घर तिथून बरंच लांब आहे, मध्ये पक्का रस्ता आहे. तरी काही आठवड्यांपासून सकाळी उंबऱ्यावर अक्रोड असतो. मधातला. उंबऱ्यापर्यंतची फरशी ओली असते. मी तो उचलून फेकून द्यायचं रोज ठरवतो.

जे कोणी ठेवत असेल त्यांना एकच विनंती आहे. मध जरा कमी घाला. मला साखरेचा त्रास आहे.